म्हातार्डीला बुलेट ट्रेन थांबणार; पण म्हातार्डीला पोचायचं कसं?

कोपर_खिडकी (धागाकर्ता)

डोंबिवली पश्चिमेला सध्या जिकडेतिकडे फलक लागलेत: 'बुलेट ट्रेन स्टेशनपासून अवघ्या पाच मिनिटांवर'. मेव्हणा फ्लॅट बघतोय म्हणून त्याच्यासोबत एका सेल्स ऑफिसात गेलो. काचेच्या टेबलावर सगळ्या परिसराचं मॉडेल, त्यात निळ्या दिव्याची चिमुकली गाडी गोल गोल फिरतेय. मेव्हण्यानं विचारलं, "आणि रस्ता कुठून आहे?" त्या पोरानं लेझरचा लाल ठिपका बिल्डिंगच्या गेटपासून उचलला आणि सरळ खारफुटीवरून, रुळांवरून ओढत स्टेशनच्या छपरावर टेकवला. "डीपी रोड आहे सर, प्रपोज्ड." म्हणजे विकास आराखड्यात आखलेला, अजून न बांधलेला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मुंबई-अहमदाबाद मार्ग ५०८ किलोमीटरचा, स्टेशनं बारा. महाराष्ट्रात चार: बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल), ठाणे, विरार, बोईसर. यातलं 'ठाणे' ठाण्यात नाही. ते दिवा आणि कोपरच्या मधल्या पट्ट्यात, म्हातार्डी गावाजवळ आहे. हद्द ठाणे महापालिकेची म्हणून नाव ठाणे. ठाणे शहरातल्या, नौपाड्यातल्या माणसाला हे सांगितलं तर तो म्हणेल, तिथे जाण्यापेक्षा मी बोरिवलीला जाऊन गाडी पकडतो.

बुलेट ट्रेन हवी की नको यावर इथं आधीच बरेच धागे निघालेत, ते उकरू नका. स्टेशन होणार आहे हे धरून चला आणि मग सांगा: कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ, कळवा, मुंब्रा, तळोजा इथल्या माणसानं बॅग घेऊन तिथे जायचं कसं?

चहाटळ

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. धागा शंभरी गाठणार.

रूळबदल

चांगला विषय. काही आकडे देतो म्हणजे चर्चा हवेत राहणार नाही.

बीकेसी शून्य धरलं तर ठाणे साधारण २८व्या किलोमीटरला, विरार ६५, बोईसर १०४, सुरत २६५. बीकेसीचं स्टेशन जमिनीखाली सुमारे ३२ मीटर. तिथून निघालं की २१ किलोमीटरचा बोगदा, त्यातले ७ किलोमीटर ठाणे खाडीखालून. वर फ्लेमिंगो अभयारण्य आहे म्हणून. गाडी उजेडात येते ती थेट शिळफाट्याला. शिळफाटा ते घणसोली हा जवळपास पाच किलोमीटरचा तुकडा सुरुंग लावून फोडत नेला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो आरपार झाला. उरलेला १६ किलोमीटर टीबीएमनं, म्हणजे बोगदा खणणाऱ्या यंत्रानं करायचा आहे. शिळफाट्यानंतर म्हातार्डी, मग उल्हास नदी ओलांडून भिवंडीकडे.

तेव्हा आखणीच्या हिशेबानं म्हातार्डी चुकीची जागा नाही. खाडीखालून बाहेर पडून भिवंडीकडे जाणारी रेषा नौपाड्यातून नेता येत नाही, ताशी ३२० किलोमीटरच्या रुळाला वळणं फार मोठी लागतात. शिवाय ज्यांना खरी गरज आहे ते ठाण्याच्या पलीकडचे लोक. आज कल्याण-डोंबिवलीच्या माणसाला सुरतेला जायचं तर बहुतेक वेळा वसई रोड नाहीतर बोरिवली गाठावी लागते. त्याला म्हातार्डी सोन्यासारखी.

तारीख विचारू नका. भूमिपूजन १४ सप्टेंबर २०१७ चं. गुजरातचा टप्पा आधी सुरू होणार, मुंबई सगळ्यात शेवटी. संसदेत दिलेली तारीख डिसेंबर २०२९ ची आहे.

दिवा_पूर्व

रूळबदल, "सोन्यासारखी" वाचून हसू आलं. मी रोज दिव्याला चढते. म्हणजे चढायचा प्रयत्न करते.

सकाळची फास्ट लोकल येते तेव्हा दारातल्या बायका उतरतही नाहीत आणि आत सरकतही नाहीत, कारण आत सरकायला जागाच नसते. म्हणून आमच्यातल्या निम्म्या जणी आधी उलट्या डोंबिवलीला जातात आणि तिथून बसून येतात. त्यावरून डोंबिवलीच्या बायकांशी रोजची भांडणं, "तुम्ही दिव्याच्या, तुम्ही कशाला बसून येता?" आता काय सांगायचं त्यांना. दिव्याला फास्ट थांबायला लागली ती डिसेंबर २०१६ मध्ये, तीही जानेवारी २०१५ ला लोक रुळावर उतरल्यानंतर. मुंब्र्याच्या वळणावर ९ जून २०२५ ला दोन गाड्यांच्या दारात लटकलेली माणसं एकमेकांना घासून पडली. त्यानंतर आमच्या घरी आई रोज "चढलीस का" असा फोन करते.

आणि दिव्याचं रेल्वे फाटक. ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी एकदा येऊन बघा. फाटक पडलं की दोन्ही बाजूंना बाइकवाले आपली लेन सोडून अख्खा रस्ता भरून उभे राहतात. फाटक उघडलं की दोन्ही फळ्या समोरासमोर. मध्ये एक भाजीची हातगाडी आणि एक अँब्युलन्स. तोवर सिग्नलला थांबलेली लोकल भोंगा मारत असते, कारण फाटक बंद होईपर्यंत तिला हलता येत नाही. उड्डाणपूल? होतोय. मी शाळेत होते तेव्हापासून होतोय.

या फाटकातून बॅग घेऊन बुलेट ट्रेन पकडायला जायचं म्हणता?

ताळेबंद

+१. मूळ अंदाजच एक लाख आठ हजार कोटींचा असलेला प्रकल्प आणि फाटकावरचा पूल होत नाही.

"जपानचं कर्ज जवळजवळ फुकट आहे" हे सांगायला कोणीतरी येईलच, म्हणून आधीच लिहितो. ८१ टक्के कर्ज, व्याज ०.१ टक्का, मुदत ५० वर्षं, पहिली १५ वर्षं हप्ता नाही. पण कर्ज येनमध्ये आहे. पन्नास वर्षांत रुपया-येन कुठे जाईल याची हमी कोण देणार?

रूळबदल

ताळेबंद, धागाकर्त्यानं पहिल्याच पोस्टमध्ये हात जोडलेत की हा वाद नको. आणि पूल अडला तो पैशांवाचून नाही. जागा, पुनर्वसन, रेल्वे आणि महापालिका यांच्यातली टोलवाटोलवी यात अडला. बुलेट ट्रेनचे पैसे वळवले असते तरी तिथली घरं आपोआप हलली नसती. ऐरोली-कळवा या लोकलच्या जोडमार्गाचं उदाहरण समोर आहे: दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं, पण कळव्याचा सांधा घरांच्या पुनर्वसनात अडकला.

खाडीचा_पोर

आम्ही त्याच पट्ट्यातले. आगरी. शेत गेलं त्यात.

सगळे 'म्हातार्डी म्हातार्डी' करताय म्हणून लिहितो. आमच्या आज्यानं खाडीचं पाणी आत येऊ नये म्हणून बांध घातला, त्या बांधाच्या आत भात पिकायचा. मग बांध फुटले, कोणी दुरुस्त केले नाय, खारफुटी आली. कागदावर शेती, जागेवर चिखल. मोबदल्याची नोटीस आली तेव्हा सातबाऱ्यावर सतरा नावं. एक आत्या मुरबाडला, एक चुलता वारलेला, त्याच्या पोरांचं एकमेकांशी बोलणं नाय. सह्या गोळा करता करता चपला झिजल्या.

आता खरी गंमत. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात बाजारभावाला ज्यानं गुणतात तो गुणक शहरी हद्दीला एक, ग्रामीण भागात तो दोनापर्यंत जातो. वर शंभर टक्के दिलासा रक्कम. म्हणजे आम्ही महापालिकेत, म्हणून शहरी, म्हणून बाजारभावाच्या दुप्पट. खाडीच्या पल्याड भिवंडीतलं गाव ग्रामीण, त्याला चौपटीपर्यंत जागा. पैसे द्यायची वेळ आली की आम्ही शहर. पाणी, गटार, रस्ता मागितला की "तो गावठाण भाग आहे, बघू".

स्टेशन येऊ दे, माझा विरोध नाय. पण तिथे रिक्षा स्टँड, कॅन्टीन, पार्किंग, साफसफाई याचे ठेके निघतील तेव्हा गावातल्या पोरांना विचारणार का, ते कोणी लिहून देत नाय.

चहाटळ

पॉपकॉर्न बाजूला ठेवले. खाडीभाऊ, असं लिहीत जा हो इथं.

नकाशावाचक

धाग्याचा मूळ प्रश्न 'गावाबाहेरच्या हायस्पीड स्टेशनचं पुढे काय होतं' असा घेऊन लिहितो. जगात याची चांगली आणि वाईट, दोन्ही उदाहरणं आहेत.

जपानची पहिली शिनकान्सेन, म्हणजे तिथली बुलेट ट्रेन, १ ऑक्टोबर १९६४ ला सुरू झाली. त्याच दिवशी दोन नवी स्टेशनं शेतात उघडली: शिन-योकोहामा आणि गिफू-हाशिमा. दोन्हीकडे आजूबाजूला भातखाचरं, दोन्हीकडे सुरुवातीला फक्त सगळीकडे थांबणारी 'कोदामा' गाडी. आज शिन-योकोहामा म्हणजे उंच ऑफिसं, हॉटेलं, स्टेडियम. २००८ पासून तिथे प्रत्येक शिनकान्सेन थांबते. गिफू-हाशिमा अजूनही बऱ्यापैकी निवांत.

फरक कशानं पडला? योकोहामासारखं मोठं शहर जवळ होतं हे आहेच. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे शिनकान्सेनचा रूळ जिथे जुन्या योकोहामा लाइनला ओलांडतो, नेमकं तिथेच स्टेशन बांधलं. म्हणजे पहिल्या दिवसापासून लोकल पायाशी. पुढे १९८५ मध्ये भुयारी मेट्रो आली, २०२३ मध्ये आणखी एक नवी लाइन जोडली. गिफू-हाशिमाला जवळची खाजगी रेल्वे पोचायलाच १९८२ उजाडलं.

तैवानची गोष्ट आपल्या जास्त जवळची. तिथली हायस्पीड २००७ मध्ये सुरू झाली आणि ताइनानचं स्टेशन शहराबाहेर ठेवलं. चार वर्षं लोक बस-टॅक्सीनं हाल काढत होते. २०११ मध्ये साध्या रेल्वेचा छोटा फाटा थेट त्या स्टेशनात आणला. फ्रान्समधल्या ओत-पिकार्दीला तर साधी रेल्वे जोडलीच नाही. दोन शहरांच्या मध्ये माळावर स्टेशन, पोचायचं तर मोटारीनं किंवा बसनं. लोक त्याला 'बीटाच्या शेतातलं स्टेशन' म्हणतात.

म्हणून माझं म्हणणं असं की म्हातार्डीचा निकाल शिनकान्सेन लावणार नाही. तो दिवा-वसई-पनवेल लाइन लावणार. आपल्या योकोहामा लाइनवर आज डबे मोजके आणि गाड्या तुरळक. एमयूटीपी-३ ब या मुंबईच्या लोकल रेल्वे विस्ताराच्या योजनेत पनवेल-वसई उपनगरी मार्ग आहे. तो जर खरोखर दर दहा-पंधरा मिनिटांनी लोकल चालवणारा झाला आणि बुलेटच्या स्टेशनाशी पायी जोडला गेला, तर पनवेल, तळोजा, भिवंडी, वसई अशी सगळी माणसं दिव्याच्या गर्दीत न शिरता तिथे पोचतात. नाहीतर आपण मोठ्या खर्चानं बीटाचं शेत पिकवतोय.

कोपर_खिडकी

नकाशावाचक, दंडवत. हेच हवं होतं.

पण मेट्रोचं काय? सेल्स ऑफिसातल्या मॉडेलवर मेट्रोची नारिंगी रेषाही होती.

रूळबदल

ती मेट्रो १२, कल्याण-तळोजा. मूळ आखणीत ती डोंबिवली एमआयडीसी, मानपाडा, निळजे करत शिळ रस्त्याच्या बाजूनं जाते. म्हातार्डीला शिवत नाही. जोडमार्गाच्या घोषणा होतात, पण मी निविदा निघेपर्यंत कुठलीच रेषा मोजत नाही.

नकाशावाचकांशी ९० टक्के सहमत. उरलेले दहा टक्के असे की वसई-दिवा-पनवेलवर मालगाड्यांचा बोजा प्रचंड आहे. स्वतंत्र रूळ पडल्याशिवाय दहा मिनिटांची लोकल विसरा.

तापीकाठ

जय खान्देश मंडळी. मी सुरतेचा, म्हणजे लिंबायतचा. वडील अमळनेरहून लूमवर कामाला आले ते इथलेच झाले. आमच्या गल्लीत अजून अहिराणीच चालते.

आमच्याकडचं बुलेटचं स्टेशन अंत्रोलीला आहे, शहराबाहेर. बांधकाम म्हणाल तर नजर लागेल असं. गर्डर चढले, खांबांवर रूळ आले, छपराला हिऱ्याच्या पैलूंसारखा आकार. तुमच्याकडे बोगदा खणताहेत तोवर आमच्याकडे रंगकाम. आणि जमिनीचे भाव? अंत्रोलीच्या बाजूला ज्यांनी आधी घेतली ते हसतात, आम्ही बघत बसलो.

पण उधना-लिंबायत-पांडेसऱ्यातला मराठी माणूस जातो कुठे? नंदुरबार, अमळनेर, जळगाव. ताप्ती लाइननं. लग्नसराईत जनरल डब्यात पाय ठेवायला जागा नसते. त्याला बुलेट ट्रेनचा काय उपयोग! बीकेसीला हिऱ्याचा व्यापारी जाईल. त्याच्यासाठी चांगलंच आहे म्हणा. फ्लाइंग राणीनं मुंबईला जाणारे सगळे तसेच.

ताळेबंद

तापीकाठ, फ्लाइंग राणीचा डबलडेकर गेला तेव्हा वाईट वाटलं होतं. वरच्या मजल्यावर बसून वसईची खाडी बघत जायचो.

चहाटळ

डबलडेकरवर वेगळा धागा काढा कुणीतरी. मी पहिला प्रतिसाद देतो.

पारसिक१९१६

थोडं अवांतर. देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला आली. ३४ किलोमीटरला साधारण तासभर लागला. आता बीकेसीहून २८ किलोमीटरवर पुन्हा एक 'ठाणे'. तेव्हा पण लोक म्हणाले असतील, गावाबाहेर स्टेशन कशाला बांधताय.

संपादक मंडळ

डबलडेकर आणि १८५३ चे प्रतिसाद तसेच ठेवले आहेत, पण पुढे धागा रुळावर ठेवा. (हो, मुद्दाम.)

घर_घेऊ_का

नमस्कार. वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा लिहितेय. आम्ही दोघं भाड्यानं मुंब्र्याला राहतो. दिवा-शीळ बाजूला वन बीएचके आमच्या बजेटमध्ये येतोय. एजंट म्हणतो, बुलेट ट्रेन आल्यावर दुप्पट होईल, आत्ता बुकिंग करा. खरंच होईल का?

दिवा_पूर्व

ताई, थांबा! आधी ती बिल्डिंग अधिकृत आहे का ते बघा. बुलेट ट्रेन नंतर.

नकाशावाचक

दिवा_पूर्व यांच्याशी शंभर टक्के सहमत. शीळमधल्या सतरा बेकायदा इमारतींवर २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानं हातोडा पडला. डोंबिवलीत ६५ इमारतींनी खोट्या परवानग्या दाखवून महारेराची (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाची) नोंदणी मिळवल्याचं प्रकरण तर सगळ्यांना माहीत आहे. त्यातल्या लोकांनी बँकेचं कर्ज काढून घरं घेतली होती. म्हणजे "महारेरा नंबर आहे" आणि "बँक कर्ज देते" ही दोन्ही वाक्यं पुरेशी नाहीत.

एजंटकडून बांधकाम परवानगी म्हणजे सीसीची प्रत घ्या आणि ती घेऊन स्वतः महापालिकेच्या शहर विकास विभागात जा. त्या नंबरची फाइल तिथे आहे का ते विचारा. मग विकास आराखड्याचा त्या सर्व्हे नंबरचा झोन दाखला काढा. सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतचा बांधकाम-निर्बंधाचा पट्टा कुठे लागतो, हायस्पीडच्या मार्गिकेत काही येतं का, हे तेव्हा कळतं. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट. हे करायला एजंट "कशाला मॅडम, टाइमपास" म्हणाला, तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं.

भाव दुप्पट होतील का ते मी सांगणार नाही. रोज कुर्ल्याला जाणार असाल तर तुमच्या घराची किंमत लोकल ठरवणार, बुलेट नाही.

खाडीचा_पोर

ताई, सर्व्हे नंबर मला व्यक्तिगत निरोपात पाठवा. त्या बाजूचे बरेचसे नंबर आमच्या नात्यातलेच. जमीन कोणाची आणि त्यावर कोण बांधतोय, गावात सगळ्यांना माहीत असतं.

घर_घेऊ_का

सगळ्यांचे खूप आभार. एजंटला सीसी मागितली. त्यानं "भेजता हूँ" म्हणून बिल्डिंगच्या पूजेचा फोटो पाठवलाय.

चहाटळ

😂 पूजेचा फोटो फाइलला लावा.

कोपर_खिडकी

मेव्हण्याला हा सगळा धागा वाचायला लावला. त्यानं बुकिंग लांबणीवर टाकलंय, सेल्सवाल्याचे फोन मात्र आता मला येतात.

नुसती चर्चा नको म्हणून माहिती अधिकारात अर्ज टाकतोय. महापालिकेला विचारतोय: म्हातार्डी स्टेशनला जोडणारे विकास आराखड्यातले रस्ते कोणते, त्यातली किती जमीन ताब्यात आली, निधीची तरतूद किती, दिवा आणि कोपर स्टेशनांपासून पायी जायचा मार्ग आराखड्यात आहे का, स्टेशन परिसरातल्या पार्किंगचं नियोजन काय. अजून काय घालू?

रूळबदल

महाराष्ट्राच्या नियमांत महापालिकेच्या अर्जाला दीडशे शब्दांची मर्यादा आणि एकच विषय, हे लक्षात ठेवा. जास्त झालं तर तेवढ्यावरच परत पाठवतात. हायस्पीड रेल महामंडळाचे प्रश्न वेगळ्या अर्जात घाला, ते केंद्राच्या नियमांत येतात. दिव्याशी पादचारी जोडणी कोण बांधणार, ते की मध्य रेल्वे, हे त्यांनाच विचारा. दोघं एकमेकांकडे बोट दाखवतील, पण निदान लेखी दाखवतील.

दिवा_पूर्व

पार्किंगचा प्रश्न काढा आणि त्या जागी फाटकावरच्या पुलाचा घाला. पूर्ण व्हायची तारीख मागा, "प्रगतीपथावर" नको.

खाडीचा_पोर

आणि रस्त्याची उंची विचारा. भरतीला पाणी कुठवर येतं ते त्यांना नाय माहीत, आम्हाला माहीत हाय.